परत आणून बघितलंस?

आमच्या इमारतीत सकाळी जिन्यात कोणी भेटलं की "काय, चहा झाला?" असं विचारायची पद्धत आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र "घेतलास?" असं विचारतात.

नव्या भाडेकरूला वाटतं, दुधाचं म्हणतायत. तो पिशवी वर करून दाखवतो. काका मान हलवतात. "बॅकअप रे, बॅकअप. लॅपटॉपचा." भाडेकरू सॉफ्टवेअरवाला निघाला तर छाती फुगवून सांगतो, "हो काका, रोज रात्री आपोआप होतो." मग काका एक पायरी खाली उतरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "आणि परत आणून बघितलंस?"

इथे आजवर भलेभले गारद झाले आहेत.

काकांच्या दारावर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर नाव-आडनाव सगळं आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. बाकी भाईंदर पूर्वेच्या आमच्या गल्लीला ते बॅकअपकाका म्हणूनच ठाऊक. अंधेरीतल्या एका कंपनीचे सर्व्हर त्यांनी तीसेक वर्षं सांभाळले. सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणजे एकत्र कुटुंबातली आजी. सगळं सुरळीत चालू असेल तर तिची आठवण कोणाला होत नाही आणि काही बिनसलं की सगळे तिच्याच खोलीकडे धावतात. काका निवृत्त झाले, सर्व्हर सुटले, पण खोड सुटली नाही.

त्यांच्या खिशाला दोन पेनं असतात. पिशवीत दोन छत्र्या. घराच्या किल्ल्यांचे तीन जुडगे, त्यातला एक आमच्याकडे. दर दोन महिन्यांनी ते आमच्याकडून जुडगा मागून नेतात, स्वतःच्याच दाराला लावून बघतात आणि "चालते" म्हणून परत आणून देतात. नोकरीत असताना ते हव्या असलेल्या लोकलच्या आधीची लोकल पकडत. मीरा रोडची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून उलटी भाईंदरला येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. काकांना भाईंदरहूनच सुटणारी गाडी आयती मिळायची, तरी ते तिच्या आधीच्या विरार गाडीच्या दारात लोंबकळत जायचे. "आणि भाईंदर लोकल रद्द झाली असती तर?" हा त्यांचा खुलासा.

बॅकअपचा एक नियम सगळ्या जगात मान्य आहे. पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकाराने तो लोकांच्या तोंडी बसवला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. काकांनी हा नियम कुळाचारासारखा पाळला आहे. पहिली प्रत संगणकात. दुसरी हार्ड डिस्कवर. ती डिस्क स्टीलच्या डब्यात, कारण इथली हवा खारी, मिठागरांवरून येते, आणि काकांच्या मते पिना खाते. डब्यात बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. डबा भाईंदरच्याच गाळ्यात बनलेला, झाकण इतकं घट्ट की ते काढायला काकू लागतात.

घराबाहेरच्या तिसऱ्या प्रतीवर त्यांनी फार विचार केला. नायगाव-वसई त्यांनी नाकारली. "खाडी ओलांडली म्हणून पाऊस बदलतो का?" शेवटी साताऱ्याच्या धाकट्या बहिणीची निवड झाली. दर भाऊबीजेला काका नवी डिस्क घेऊन जातात आणि जुनी घेऊन येतात. ओवाळणीच्या ताटात सुपारी, अक्षता, नोटांचं पाकीट आणि त्याखाली बबल-रॅपमध्ये गुंडाळलेली डिस्क. "निरांजन जरा लांबून फिरव," असं ते दरवर्षी सांगतात. मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी सहज आठवण करून दिली की १९६७ साली भूकंप झाला ते कोयनानगर सातारा जिल्ह्यातच येतं. काकांना त्या रात्री झोप लागली नाही. आता चौथी प्रत नागपूरला भाच्याकडे असते.

हसू येतं खरं, पण हे वेड त्यांना लागलं तो दिवस मुंबईत सगळ्यांनाच पाठ आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. काकांच्या कंपनीचा सर्व्हर तळमजल्यावर होता. बॅकअप होता का? होता की! रोजच्या रोज, टेपवर, तारीख घालून, रबरबँड लावून. ठेवलेला कुठे? सर्व्हरच्याच कपाटात, खालच्या खणात. "पाण्याने आधी बॅकअप नेला, मग सर्व्हर," काका सांगतात. त्या रात्री ते अंधेरीहून भाईंदरपर्यंत वीसेक किलोमीटर चालत आले. वाटेत लोकांनी बिस्किटं दिली, चहा दिला, कोणी कोरडा शर्ट दिला. काका म्हणतात, दहिसर येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की जे एकाच जागी आहे ते नाहीच असं समजायचं.

बोलताना त्यांना दोन गोष्टींचा राग येतो. पहिली, कोणी "क्लाउडवर आहे" असं आकाशाकडे बोट दाखवून म्हटलं तर. "अरे, तो पण कोणाचा तरी तळमजलाच आहे." दुसरी, कोणी स्नॅपशॉटला बॅकअप म्हटलं तर. या दुसऱ्या रागाला बसून ऐकायची तयारी लागते.

काका आधी व्हर्च्युअल मशीन समजावतात. एक खराखुरा संगणक म्हणजे इमारत. तिच्यात प्रोग्रॅमच्या भिंती घालून चार-पाच बिऱ्हाडं ठेवायची. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचं नेटवर्क कार्ड, सगळं भासमान. ही युक्ती आजची नाही, आयबीएमने १९७२ सालीच ती मोठ्या मशीनवर बाजारात आणली होती. गंमत अशी की हे अख्खं बिऱ्हाड दोन-चार फायलींत मावतं. फायली उचलल्या की बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट, चुलीवरच्या दुधासकट दुसऱ्या इमारतीत. आणि स्नॅपशॉट? "पोथी वाचताना आपण मोरपीस घालून ठेवतो ना, इथपर्यंत वाचलं म्हणून? तो स्नॅपशॉट. चुकलं तर मागे येता येतं. पण पोथीच जळली तर मोरपीस कुठे शोधणार?"

लोकलच्या डब्यात भजनी मंडळ होतं, काका त्यांच्यात टाळ धरत. २०१७ च्या जून अखेरीस नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर सुटला, मर्स्क ही बोटीची कंपनी आडवी झाली आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल अडकलं. पुढे त्याची सगळी हकिकत छापून आली तेव्हा काकांनी अंधेरीपर्यंत भजन होऊ दिलं नाही. त्या कंपनीत कोणाला कुठे प्रवेश द्यायचा याची वही सांभाळणारे दीडेकशे सर्व्हर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून निराळी प्रत कोणी ठेवलीच नव्हती. व्हायरसने सगळे एकदम पुसले. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घानामधला, कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती! तेवढ्या एका डिस्कवरची वही हातोहात, विमानाने इंग्लंडला नेली आणि दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. "लोडशेडिंगला नावं ठेवू नका," असं काका हात जोडून म्हणाले.

पखवाजवाले बुवा कंटाळून म्हणाले, "आता अभंग घ्यायचा का?" काका म्हणाले, "तेच सांगतोय. गाथा इंद्रायणीतून तेराव्या दिवशी कोरडी वर आली म्हणतात. आली असेल, माझी श्रद्धा आहे. पण समजा नसती आली, तरी गावोगावच्या लोकांना पाठ होतीच ना? प्रत्येक टाळकरी म्हणजे एक प्रत. आणि रोज म्हणून बघणारी प्रत!" बुवांनी पखवाजावर थाप मारली ती कौतुकाने की वैतागाने, हे अजून ठरलेलं नाही.

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन. २०११ पासून पाळतात, दुसऱ्या दिवशी आपला एप्रिल फूल होऊ नये म्हणून हा दिवस निवडला. काका सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला आठवण टाकतात. आमच्या खजिनदारांचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. ते दरवर्षी तेच उत्तर देतात, "काका, आज मार्च एंड छे. उद्या." काका दरवर्षी लिहितात, "मार्च एंड आहे म्हणूनच." मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकतं आणि विषय संपतो.

असे दहा-बारा मार्च वाया गेल्यावर काकांचा दिवस उगवला. सप्टेंबरातला शनिवार. दुसऱ्या दिवशी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. आमचा हिशेब वीसेक वर्षांपूर्वीच्या एका सॉफ्टवेअरवर चालतो. ते फक्त विंडोज एक्सपीवर चालतं आणि बनवणारा माणूस आता कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. जुना संगणक मेला तेव्हा काकांनी अख्खा एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये घालून नव्या संगणकात बसवला होता. सेक्रेटरींच्या पुतण्याला ड्रोनने घेतलेला गणपती विसर्जनाचा व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. त्याला एक ३८ जीबीची फाइल दिसली. कशातच उघडेना. त्याने ती शिफ्ट दाबून उडवली. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, सगळ्यांची थकबाकी, सगळं विसर्जनाला गेलं.

सेक्रेटरी घामाघूम होऊन काकांच्या दारात आले. काका पानावर बसले होते. त्यांनी शांतपणे ताकाचा भात संपवला, हात धुतले आणि पहिला प्रश्न विचारला, "त्यानंतर त्या मशीनवर कोणी काही केलंय का?"

"गाणी लावली होती."

काकांनी डोळे मिटले. मग काकूंना हाक मारली, "अगं, डबा उघड."

ऑफिसात आम्ही सातजण आणि वॉचमन. डब्यातून "बुधवार" अशी डॉक्टरी चिकटपट्टी लावलेली डिस्क निघाली. काकांनी गेलेल्या फाइलच्या जागी काही टाकायला साफ नकार दिला. "मयताला कोणी हात लावायचा नाही. आधी दुसरीकडे जिवंत करू." स्वतःचा लॅपटॉप मांडला, कॉपी सुरू केली. पडद्यावर आलं, ४७ मिनिटं शिल्लक. मग ३ तास. मग १२ मिनिटं. "भाईंदर स्टेशनचा इंडिकेटर बसवलाय यात," मास्तर म्हणाले. काका हसले नाहीत.

कॉपी झाली. काकांनी खिशातून डायरी काढली. बॅकअप घेताना फाइलचा एक बत्तीस खुणांचा आकडा निघतो, फाइलमध्ये एक ठिपका जरी हलला तरी तो आकडा बदलतो. काका डायरीतून हाऊजीसारखे पुकारू लागले, "सात, एफ, शून्य, तीन..." आणि सेक्रेटरी पडद्यावर बोट ठेवून "हो, हो" म्हणू लागले. बत्तिसाव्या "हो"ला वॉचमनने टाळी वाजवली.

"घाई नको," काका म्हणाले. त्यांनी मशीनची भासमान नेटवर्कची वायर आधी काढली. "शुद्धीवर आलेल्या पेशंटला कोणी लगेच बाजारात पाठवतं का?" मग सुरू करायचं बटण दाबलं. तर प्रोग्रॅमनेच प्रश्न विचारला: हे मशीन तुम्ही दुसरीकडे हलवलंत की त्याची कॉपी केलीत?

खोलीत शांतता पसरली. सेक्रेटरी म्हणाले, "खरं सांगून टाका काका. कॉपी केली." काकांनी "हलवलं" यावर टिचकी मारली.

"म्हणजे खोटं?"

"कॉपी म्हटलं की ते नेटवर्क कार्डाचा नंबर बदलतं. आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या नंबराला बांधलंय. नंबर बदलला की ते म्हणणार, मी तुम्हाला ओळखत नाही." काका क्षणभर थांबले. "धर्मराजाचा रथसुद्धा एकदा जमिनीला टेकला होता."

काळा पडदा, निळी पट्टी, आणि मग ती ओळखीची हिरवीगार टेकडी. सगळ्यांनी जल्लोष केला. पुतण्याने व्हिडिओ काढायला मोबाइल उचलला आणि काकांच्या नजरेने परत ठेवला. "मशीन उठलं. पण माणसं ओळखतं का बघू." त्यांनी हिशेब उघडला आणि तपासायला सहज म्हणून एक खातं निवडलं. ब-४०३. माझं. सगळ्यांसमोर, ठळक अक्षरांत: मेंटेनन्स थकबाकी, तीन महिने.

"बरोबर आहे का रे?" काकांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. असं तंतोतंत रिस्टोअर मी पुन्हा पाहिलं नाही.

बुधवारनंतरच्या पावत्या तेवढ्या गेल्या होत्या. काकांनी पावतीपुस्तकाच्या कार्बन कॉपीवरून त्या खजिनदारांकडून भरून घेतल्या. "तीन दिवस गेले, तीनच दिवसांचं सुतक." रविवारी सभा झाली, पार्किंगवरून नेहमीसारखं भांडण झालं. आभाराच्या ठरावात काकांचं नाव राहून गेलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आपला सर्व्हर सांभाळायचा काळ पुन्हा आला, याच आनंदात ते होते.

तर असे हे काका. त्यांची फजिती मी एकदाच पाहिली. मुलीच्या बाळंतपणाला काकू सव्वा महिना पुण्याला गेल्या. काका निर्धास्त होते. काकूंच्या गोड्या मसाल्याचा आणि आमटीचा बॅकअप त्यांनी फार पूर्वीच घेतला होता, वहीत लिहून, तीन प्रतींत. चौथ्या दिवशी त्यांनी मला चव घ्यायला बोलावलं. मी एक घास घेतला आणि पाणी मागितलं. त्यांनी वही पुढे केली. धणे: अंदाजाने. दगडफूल: थोडं. तीळ: रंग येईपर्यंत. गूळ: जमेल तसा.

काकांनी पुण्याला फोन लावला. "अगं, फोडणीत मसाला नेमका कधी घालायचा?"

"वास आला की."

"कसला वास?"

"घरात आल्यासारखा," काकू म्हणाल्या आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला.

काका बराच वेळ वहीकडे बघत बसले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, परत आणून बघितलं होतंत?"

"नाही रे," ते म्हणाले. "ती कधी कुठे गेलीच नव्हती."

काकू परत आल्या. आता दर उन्हाळ्यात त्या मसाला जास्तीचा करतात, चार बरण्यांत भरतात. एक त्यांच्या स्वयंपाकघरात, एक साताऱ्याला, एक नागपूरला आणि घराबाहेरची पण हाताशी असलेली एक आमच्याकडे. ती परत आणता येते की नाही हे आम्ही अगदी नेमाने तपासून बघतो. बरणी अर्ध्याच्या खाली आली आहे.